वहीत नसलेलं वाक्य

पोरगी गच्चीवर जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात बोलते, हे माझ्या कानावर आलं ते खरमास लागल्यावर. खरमास म्हणजे आपला धनुर्मास. लखनौत त्या महिन्यात लग्नं लागत नाहीत. लग्नं नाहीत म्हणून दागिने नाहीत, आणि दागिने नाहीत म्हणून आमची भट्टी थंड. भट्टी चालू असली की खालचा ब्लोअर दिवसभर घुरघुरतो, वर कोण काय बोलतंय ते कळत नाही. तो बंद पडला आणि मला ऐकू यायला लागलं.

एकवीस वर्षांची पोरगी, बाहेर हाताचं बोट दिसू नये असा कोहरा, म्हणजे धुकं, आणि ही शाल गुंडाळून पाण्याच्या टाकीमागं बसून बोलतेय. तेही मराठीत! माझ्याशी जन्मात कधी सरळ मराठीत बोलली नाही. मी मराठीत विचारायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, हेच चालत आलेलं. मग हा कोण निघाला मराठी बोलणारा? मी वाळत घातलेल्या चादरीआड उभी राहिले. ती म्हणत होती, "माझे वडील सोनं गाळतात. तेजाबाचा धूर थंडीत वर जात नाही, गल्लीतच बसतो."

घरातलं सांगतेय कुणाला तरी.

"कोण हाय त्यो?" मी चादर बाजूला केली.

नेत्रा दचकली, पण फोन लपवला नाही. "कोई नहीं है आई. मशीन है. एआय. मैं बोलती हूँ, वो अंग्रेज़ी कर देता है."

"मशीनशी मराठीत बोलतीस आन माज्याशी हिंदीत व्हय गं?"

ती हसली. मला काही हसू आलं नाही.

आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले. आमच्याकडची निम्मी माणसं गलाईसाठी देशभर पांगलीत. सराफाकडचं जुनं, मोडीचं सोनं आणायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात घालून त्यातलं हिणकस काढायचं आणि शुद्ध सोनं परत द्यायचं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा जयसिंग, पंचवीस वर्षांपूर्वी लखनौच्या चारबाग स्टेशनात उतरले ते एक पिशवी आणि एक सांडशी घेऊन. आता चौक भागातल्या सराफ्यामागं आमची गल्लीतली गाळ्याएवढी भट्टी, आणि वर दोन खोल्या. मालकांच्या बोटांची टोकं तेजाबानं कायमची पिवळी झालीत. हळदीला हात लावल्यासारखी दिसतात, आणि धुतली तरी जात नाहीत.

नेत्रा बीएस्सी झाली. तिला पुढं धातूंचं शिकायचं होतं, दक्षिणेत एका मोठ्या संस्थेत. जागा मिळाली होती. फी आणि हॉस्टेल ऐकून मालक नुसते खोकले. मग तिला एका ट्रस्टची फेलोशिप सापडली. दोन वर्षांचा सगळा खर्च ते करणार. मिळाली तर पोरगी जाणार, नाही तर अक्षय्य तृतीयेला विट्याच्या स्थळाशी लग्न. मुलाची कोइमतुरात गलाई. त्यांचा निरोपही येऊन पडलेला. पोरीच्या डोळ्यांसमोर या दोनच वाटा होत्या आणि मलाही त्या दिसत होत्या.

त्या फेलोशिपसाठी निबंध लिहायचा होता. तुम्ही या विषयाकडं का वळलात, त्यामागं तुमच्या आयुष्यातलं काय घडलं, ते तुमच्या शब्दांत लिहा. आणि फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता. एआयची मदत घेतली का? घेतली असली तर कशासाठी? भाषांतराला, व्याकरणाला चालेल. पण हकिगत तुमची पाहिजे, विचार तुमचा पाहिजे, आणि पहिला मसुदा जपून ठेवा.

हा प्रश्न नेत्रानं जेवताना वाचून दाखवला तेव्हा माझे दीर आलेले होते. रणजित भाऊजींची गलाई अमीनाबादला. गिऱ्हाइकांत बसून बसून जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी त्यांची समजूत.

"न्हाई म्हणून टाक," भाऊजी भाकरी मोडत म्हणाले. "आपणहून कशाला सांगायचं? उद्या म्हणतील, सगळं मशीननंच लिवलं."

"झूठ कैसे लिखूँ काका? लिया है ना."

"अगं, समदीच घेत्यात. सांगतं कोण? तू सांगितलंस की तूच चोर ठरणार, बाकीचे साव."

मालक मान खाली घालून जेवत होते. ते म्हणाले, "त्या मशीनला काय काय सांगितलंस?"

"घर का. भट्टी का."

"कशाला? त्ये ऐकून पोलिसाला देत असलं तर?"

"पप्पा, पुलिस को आपकी भट्टी में क्या इंटरेस्ट है?"

मालकांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. नेत्रानं फोन उचलला आणि आमच्या डोळ्यांदेखत 'हो' वर खूण केली. खाली लिहिलं, मराठीत-हिंदीत सांगितलेलं इंग्रजीत करून घेतलं, म्हणून. भाऊजी म्हणाले, "आता कोइमतूरच मग."

निबंध तिनं आम्हाला वाचून दाखवला. पण इंग्रजीत. मी मान हलवत राहिले. काय कळणार? 'फादर' कळलं, 'गोल्ड' कळलं. मधेच एका ठिकाणी तिचा आवाज बारीक झाला, तेवढं मात्र मी टिपून ठेवलं. मराठीत सांग म्हटलं, तर म्हणाली, बाद में.

खरमासात भट्टी थंड असते तेव्हा आम्ही न्यारा करतो. वर्षभर भट्टीपुढं जे काही पडलेलं, उडालेलं, चिकटलेलं असतं, त्यात कणाकणानं सोनं बसतं. म्हणून बसायची गोणपाटं, झाडू, हात पुसायच्या चिंध्या, सगळं जाळायचं. फुटक्या मुशी खलबत्त्यात कुटायच्या. ती राख आणि ती पूड परातीत घालून पाण्यानं निवळत बसायचं. त्यात लखनौचं पाणी, जानेवारीचं! पहिल्या दोन पराती होईस्तोवर बोटं दुखतात, मग दुखायचंही बंद होतं. मालक कुटत होते, मी निवळत होते. त्या सकाळी अकराला एक बाई गल्लीत येऊन उभी राहिली.

साठीची बाई. लोकरी टोपी, अंगावर शाल, पायात कॅनव्हासचे बूट, हातात फाइल. मी परात भरायला नुकतीच वर नळावर गेले होते, म्हणून खिडकीतून बघत होते.

"जयसिंग निकम यहीं रहते हैं?" तिनं विचारलं.

मालकांनी फाइल बघितली. फाइल घेऊन माणूस आलं की आमच्याकडं आधी नाही म्हणायचं. कोण आहे, कशाला आलंय, ते नंतर. "मालिक गाँव गए हैं," ते म्हणाले. "हम तो नौकर हैं."

"कब आएँगे?"

"होली के बाद."

बाईनं काहीतरी लिहिलं आणि वर बघितलं. मी खिडकीत. तिनं मलाही तेच विचारलं. मालक खाली काय बोलले ते मला नळाच्या आवाजात तेव्हा ऐकू आलेलं नव्हतं, नंतर कळलं. मी म्हटलं, "वो तो अस्पताल गए हैं. ऑपरेशन है."

"और ये भट्टी उन्हीं की है?"

"कौन सी भट्टी?" मी म्हटलं. आणि ती बाई भट्टीच्या दाराला टेकून उभी होती! तिच्या शालीला काजळी लागलेली मला वरून दिसत होती.

तिनं फाइल मिटली. मग स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाली, "बरं. काळजी घ्या त्यांची." आणि गेली.

मराठी ऐकून मी परात नळाखालीच सोडली. खाली आले तर मालक बत्ता हातात धरून तसेच बसलेले. "कोण व्हती?" मी विचारलं. "काय म्हाईत," ते म्हणाले. "तू काय सांगितलंस?" मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. आम्ही नवरा-बायको दोघंही खोटं बोललो होतो, आणि तेही वेगवेगळं.

तिसऱ्या दिवशी नेत्रा बाहेरून आली ती बूट न काढताच खाली भट्टीपुढं उभी राहिली. तिचं नाक थंडीनं लाल झालेलं. की रडून, कोण जाणे. "घर पे कोई आया था?"

मालकांनी बत्ता पुन्हा उचलला.

"ट्रस्ट की तरफ़ से? मालिनी मॅडम?"

"यक बाई आलती," मी म्हटलं.

तिनं फोन काढून ट्रस्टचं पत्र वाचलं आणि मग, एकेक शब्द चावत, मराठीत सांगितलं. वडील गावी आहेत असं एकानं सांगितलं, दवाखान्यात आहेत असं दुसऱ्यानं. भट्टी असल्याचं घरच्यांनी नाकारलं. अर्जदारानं एआयची मदत घेतल्याचं स्वतःच लिहिलंय. त्यामुळं निबंधातली हकिगत खरी आहे की यंत्रानं रचलेली, याबद्दल संशय आहे. आठ दिवसांत खुलासा करा.

"मी खरं लिहिलं," नेत्रा मराठीत ओरडली. "एक-एक गोष्ट खरी लिहिली! आणि तुम्ही मला खोटं पाडलं. मशीनने नहीं, तुमने."

"काय लिवलं व्हतंस?" मालकांनी विचारलं.

"पोलीस ठाण्याचं."

मालकांच्या हातातला बत्ता खाली आला नाही की वर गेला नाही.

त्या गोष्टीबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही, म्हणून मीही इथवर बोलले नाही. दोन वर्षांपूर्वी पोलीस मालकांना घेऊन गेले होते. एका माणसानं गाळायला आणलेलं सोनं चोरीचं निघालं. तीन दिवस मालक ठाण्यात होते. सराफांच्या मंडळातल्या दोघांनी शब्द टाकला, तेवढ्या वजनाचं सोनं भरून दिलं, आणि मालक सुटून आले. आल्यावर त्यांनी आंघोळ केली, दाढी केली आणि भट्टी पेटवली. गावाकडं कळू दिलं नाही. नेत्रानं त्या आठवड्यात एक रजिस्टर आणलं. कोण आला, काय आणलं, त्याच्या आधारकार्डाचा फोटो. तेव्हापासून ते रजिस्टर तीच लिहिते. आणि तेव्हापासूनच ती विचारायला लागली की वितळलेल्या सोन्यात आधीच्या दागिन्याची काही खूण उरते का, मशीनखाली धरलं तर ते कुठून आलं ते कळेल का. मालक म्हणायचे, सोनं एकदा पाणी झालं की त्याला आईबाप नसतात. ती म्हणायची, असतील. बघायला पाहिजे. हेच शिकायला तिला जायचं होतं.

"जगाला सांगितलंस," मालक म्हणाले.

"जगाला नाही. सात लोकांच्या कमिटीला."

"माजी अब्रू सात जणांत वाटलीस." ते उठले, मोरीवर हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत बसले. बोटं होती तशीच पिवळी राहिली.

चार दिवस बापलेक बोलले नाहीत. त्यांनी कुटायचं आणि मी निवळायचं, एवढंच चाललं. मालक जेवताना ताटाकडं बघायचे आणि ती भिंतीकडं. मी मधे वाढत होते. मला दोघांचाही राग येत होता. पोरीचा, कारण तिनं न विचारता घराचं झाकण उघडलं. आणि मालकांचा, कारण… ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

भाऊजी बातमी ऐकून धावत आले. "मी सांगत न्हवतो? त्या खुणेनं घात केला."

"काका, त्या खुणेमुळंच माझ्याकडं आज दाखवायला काहीतरी आहे," नेत्रा म्हणाली. "वही आहे. फोनमध्ये मी काय बोलले, त्यानं काय लिहिलं, सगळं आहे. नाही म्हटलं असतं तर यातलं काय दाखवलं असतं?"

भाऊजी चहा न घेताच गेले. मालिनीबाईंना नेत्रानंच फोन केला. शनिवारी सकाळी येते म्हणाल्या. घरातल्यांनी घरात असावं, हेही म्हणाल्या.

शनिवारी त्या आल्या. बँकेतून रिटायर झालेल्या, तीस वर्षं लखनौत, ट्रस्टचं हे काम फुकट करतात. वर या म्हटलं तर मालक खालून उठेनात, म्हणून सगळे भट्टीपुढंच बसलो. मालिनीबाई गिऱ्हाइकाच्या जागी बसल्या. आमच्यात गिऱ्हाईक समोर बसल्याशिवाय त्याचं सोनं मुशीत घालत नाहीत. ते उठलं तर भट्टी थांबते. त्याला संशय यायला नको म्हणून हा रिवाज. बाईंना ते ठाऊक नव्हतं, पण बसल्या मात्र तशाच, नजर न हलवता.

"ऑपरेशन कसं झालं?" त्यांनी मालकांना विचारलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मालक म्हणाले, "चुकलं आमचं. फाइल बगितली की जिभेला दुसरं येत न्हाई."

बाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. नेत्रानं वही दिली. तिच्या बारीक अक्षरात, अर्धं मराठी अर्धं हिंदी, खाडाखोड केलेलं. बाईंच्या एका मांडीवर वही, दुसऱ्या मांडीवर छापलेला इंग्रजी कागद, आणि हातात पेन्सिल. बाई इंग्रजीतलं एक वाक्य घ्यायच्या, मराठीत सांगायच्या, आणि विचारायच्या, "हे कुणाचं?"

"माझं."

"वहीत दाखव." नेत्रा बोट ठेवायची. बाई बारीक खूण करायच्या आणि पुढं जायच्या. तेजाबाचा धूर. रजिस्टर. सोन्याला आईबाप नसतात, हे मालकांचं वाक्य. ते ऐकून मालकांनी मान वर केली. आपण बोललेलं पोरीनं लिहून ठेवलंय, हे त्यांना माहीत नसावं.

"इथं मशीननं घातलं होतं की मी तीन दिवस ठाण्याबाहेर रडत बसले," नेत्रा म्हणाली. फोनवर तिनं ते दाखवलं. "मी काढून टाकलं. मैं रोई नहीं थी. मेरा प्रैक्टिकल था, मी परीक्षेला गेले होते."

"परीक्षेला गेलीस?"

"हो. पहिली आले त्यात."

बाईंनी तिच्याकडं जरा बघितलं आणि खूण केली. मला वाटलं, झालं, निभावलं. मी चहाचं आधण टाकायला उठणार, तेवढ्यात बाईंची पेन्सिल थांबली.

"'ते सोनं चोरीचं आहे याची माझ्या वडिलांना कल्पना असणं शक्यच नव्हतं. त्यांचा दोष एवढाच, की त्यांनी माणसावर विश्वास ठेवला.' हे कुणाचं?"

नेत्रा वही चाळायला लागली. एक पान पुढं, दोन पानं मागं. तिला माहीत होतं ते तिथं नाही. मलाही तिच्या मानेवरून कळलं.

"वहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "वहीत एवढंच आहे, की पोलीस घेऊन गेले."

"मग?"

"मशीनने डाला था. मैंने रहने दिया."

"रडल्याचं काढलंस. हे का ठेवलंस?"

नेत्रानं वही मिटली. "कारण रडल्याचं खोटं होतं हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "याचं मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. वाचलं आणि वाटलं, असंच असू दे."

गल्लीतून एक रिक्षा गेली. मालिनीबाईंनी मालकांकडं वळून विचारलं, "तुम्ही सांगता का?"

आता ते काय म्हणणार ते मला पाठ होतं. पंचवीस वर्षं ऐकतेय. 'न्हाई.' 'म्हाईत न्हाई.' 'आपला काय संबंध.' मी मनातून म्हणत होते, म्हणा, म्हणा एकदाचं. पोरगी तरी सुटेल.

"त्ये वाक्य काडा," मालक म्हणाले.

"अहो!" मी म्हटलं.

"काडा त्ये. तिचं न्हाई आन खरंबी न्हाई." ते बोटांकडं बघत बोलत होते. "तीन बांगड्या व्हत्या, यक साखळी आन कानातली यकच बाली. जोडीतली यकच. तिचा फासा वाकल्याला, वडून काडल्यावानी. पंचवीस वरसं मोड बगतोय मी. म्हाईत न्हवतं कसं म्हणू?"

"पप्पा," नेत्रा म्हणाली. एवढंच म्हणाली.

"मग गाळलं का?" बाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही.

मालकांनी बाईंच्या जागेकडं बोट केलं. "त्यो मानूस हितं बसला. तुमी बसलाय तितंच. चांगल्या घरचा दिसत व्हता. मला उस्ताद म्हणाला. या चौकात मला भैया म्हणत्यात, मराठा म्हणत्यात, कुणी नुसतं ए म्हणतं. सराफाचा पोऱ्याबी माज्या हातावर सोनं टाकतो, देत न्हाई. ह्यो मानूस म्हणाला, उस्ताद, आपके हाथ का काम देखना है. मग मला त्याला बिल इचारायची लाज वाटली."

एवढ्यासाठी! मला वाटलं, उठून गदागदा हलवावं यांना. आणि मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

मालिनीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मी पोलीस नाही," त्या म्हणाल्या. "पण कागदावर आलेलं कागदावर राहतं, हे तुम्हाला सांगायला हवं. नेत्रा, हकिगत तुझी आहे हे मी लिहीन. आम्ही नोकर, आम्ही दवाखान्यात, हेही लिहीन, का म्हणालात त्यासकट. राहिलं हे वाक्य. ते नुसतं खोडून दे किंवा त्या जागी स्वतःचं लिहून दे. उद्या दुपारपर्यंत. कमिटीला काय वाटेल ते मी सांगू शकत नाही. कुणाला आवडेल, कुणी म्हणेल अशा घरात पैसे कशाला द्यायचे." निकाल मार्चात लागेल म्हणाल्या. अजून लागलेला नाही.

त्या गेल्यावर मीच तोंड सोडलं. "नुसतं खोड आन दे पाठवून. काय गरज हाय लिवायची? त्यांनी इचारलं, ह्यांनी सांगितलं, झालं. ज्ये कागदावर न्हाई त्ये न्हाईच."

"नुसतं खोडलं तर तिथं भोक राहील आई. वाचणारा ते आपल्या मनानं भरेल. मी भरलं तसं."

"भरू दे की! विट्याला कळलं तर? गावात कळलं तर? तुज्या बापाला परत नेलं तर?"

"सरले, गप ऱ्हा," मालक मला म्हणाले. "लिवू दे तिला." मग नेत्राला म्हणाले, "मशीनला सांगू नगंस. तूच लिव."

"मीच लिहिणार आहे."

ती पायरीवर बसली, वही गुडघ्यावर घेऊन. कोहरा जरा उठला होता, समोरच्या भिंतीवर ऊन आलं होतं. मालक सांगत होते, ती लिहीत होती, मधेच थांबवून विचारत होती. फासा कसा वाकलेला? कुठल्या बाजूला? तेव्हा किती वाजले होते? तो माणूस किती वेळ बसला? मालक एकेकाचं उत्तर देत होते. दोन वर्षांत त्या दोघांचं एवढं बोलणं मी ऐकलं नव्हतं. मी परातीशी बसले होते, पण हात चालत नव्हते.

"आणि दुकानात अजून कोण होतं?"

"कुणी न्हाई," मालक म्हणाले. "मी यकटाच व्हतो."

तिनं लिहिलं. मग पहिल्यापासून वाचून दाखवलं, या वेळी मराठीत. माझ्या वडिलांनी ती बाली हातात घेतली तेव्हा त्यांना कळलं होतं. त्यांनी विचारलं नाही. दुकानात ते एकटेच होते.

मालकांनी माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. स्वेटरला खांद्यावर तेजाबाची भोकं पडलेली, त्यातून आतला सदरा दिसत होता. ठाण्यातही हे असंच म्हणाले असणार. तीनही दिवस.

"यकटे न्हवते," मी म्हटलं.

"सरले!"

"यकटे न्हवते त्ये. मी चहा घिऊन आलते."

नेत्राचा पेन थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भांडणाशिवाय पहिल्यांदाच माझ्याशी आपणहून मराठीत बोलली. "सांग आई. हळू सांग. मी लिहिते."

मी परातीतून हात काढून पदराला पुसले. बालीच्या फाशात एक केस अडकलेला होता, मी सांगितलं. लांब, काळा, मुळापासून आलेला. मालकांना सोडवता येईना, तेजाबानं त्यांच्या बोटांना बारीकसारीक कळत नाही. म्हणून त्यांच्या हातून मी ती घेतली. नखानं केस सोडवला आणि बाली पुसून परत त्यांच्या हातावर ठेवली.